आमच्या घरात होडी निजते

कोलाड, २१ एप्रिल २०२५

प्रिय आत्या,

नमस्कार. पोचले, ठीक आहे, आणि तू दिलेली सुक्या बोंबलाची चटणी चार दिवसांत संपली. मी दोनदाच खाल्ली. बाकीची निकेत नावाच्या पेणच्या एका मुलाने भाताबरोबर, भाकरीबरोबर आणि शेवटी नुसती बोटाने चाटून संपवली. त्याने तुला नमस्कार सांगितलाय.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू बोलायला लागलीस की अख्ख्या आळीला ऐकू जातं. बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलंय, त्यांच्यासमोर तुझा आवाज चढला की त्यांना मुद्दाम ऐकवल्यासारखं होणार. शिवाय इथे टेकडीवर चढल्याशिवाय रेंज येत नाही.

ठरलंय ते पुन्हा लिहिते, म्हणजे तू त्यांना आठवण करून देशील. बावीस जूनला सेफ्टी कयाकरची परीक्षा. माणसांनी भरलेल्या राफ्टच्या पुढे-मागे एकटीच्या होडीतून जायचं आणि पाण्यात पडलेल्यांना काढायचं, हे ते काम. पास झाले तर इथेच नोकरी. नाही झाले तर एक जुलैला काशीमीऱ्याच्या गोदामात योगेंद्रशेठच्या ऑफिसात खुर्चीवर बसेन आणि पाण्याचं नाव काढणार नाही. बाबा ज्या गेटवर वीस वर्षं पहारा करतात, त्याच गेटातून रोज आत जाईन. तसा शब्द दिलाय मी.

कयाक म्हणजे एका माणसापुरती बंद होडी. कमरेपर्यंत आत बसायचं आणि वर रबराचा घट्ट झगा लावायचा, पाणी आत येऊ नये म्हणून. सगळ्यात आधी शिकवतात ते कसं लिहू, कळत नाही. होडी निजवायची. आपणहून. डोकं पाण्याखाली, होडीचा तळ वर, आणि मग कमरेच्या एका झटक्याने परत सरळ. याला रोल म्हणतात. होडीचा तळ वर झाला की सगळं जग जो शब्द वापरतं तो आपल्या घरात कुणी उच्चारत नाही, म्हणून मी इथेही लिहीत नाही. इथले सगळे ‘फ्लिप’ म्हणतात, मीही तेच म्हणते. आपल्याकडे ‘निजली’ म्हणतात हे कुणाला सांगितलेलं नाही, हसतील.

काल मी बत्तीस वेळा निजले आणि एकोणीस वेळा उठले.

तुझी,
पूर्वी


भाईंदर, २९ एप्रिल २०२५

चि. पूर्वीस आत्याचे पुष्कळ आशीर्वाद आणि एक चापट.

तुझं पत्र मी बेव्हर्ली पार्कच्या कोपऱ्यावर टोपलीशी बसून वाचलं. समोर एक बाई अर्धा किलो कोळंबी घेऊन उभ्या होत्या. ‘मौसी, साफ कर के दो ना,’ म्हणत होत्या आणि मी ‘बत्तीस वेळा निजले’ या ओळीवर अडकले होते. बाई कंटाळून गेल्या. गिऱ्हाईक गेलं त्याचा राग नाही. पण या घरात ती गोष्ट एकदाच झाली, सव्वीस वर्षांपूर्वी, आणि आमचा परेश गेला. तुझा काका. आणि तू ती दिवसातून बत्तीस वेळा करतेस, वर मोजतेस. रोल म्हणजे आधी मला वाटलं मीरा रोड स्टेशनबाहेर मिळतो तो अंडा रोल. तोच असता तर बरं झालं असतं.

उरलेल्या तेरा वेळा काय झालं, ते तू लिहिलेलं नाहीस. लिहूही नकोस.

रामनाथ अजून तुझं नाव घेत नाही. सकाळी काशीमीऱ्याला जातो, रात्री येतो, जेवतो. पण तुझं पत्र मी तांदळाच्या डब्याखाली ठेवलं होतं ते चार घड्यांचं होतं. काल बघते तर दोन घड्यांचं. मी काही बोलले नाही, तूही बोलू नकोस. आणि काल जेवताना तो भिंतीकडे बघून म्हणाला, ‘येवर्‍याशा होरीत पाय अडकतो. पाय मोकलं पायजेत.’ मी म्हटलं, कोणाला सांगतोस? तर म्हणे, कोनाला न्हाय.

एक गोष्ट समजव. आपल्या खाडीचं पाणी दिवसातून दोनदा फिरतं. ओहोटीला गेलेला माणूस भरतीला घरी येतो. तुमच्या नदीचं पाणी फिरत नाही म्हणतात. मग तुम्ही परत कसे येता?

चटणी पुन्हा पाठवते. पेणच्या मुलाला सांग, बोटाने खायची असेल तर आधी हात धू.

तुझी आत्या,
इंदुबाई


कोलाड, ७ मे २०२५

प्रिय आत्या,

जीपने. होड्या टपावर बांधायच्या आणि रस्त्याने वर यायचं. तुझा प्रश्न मी मोठ्याने वाचला, सगळे हसले, पण दत्ताराम सर हसले नाहीत. दत्ताराम सर म्हणजे आमचे शिकवणारे, इथलेच, रोह्याकडचे. ते म्हणाले, ‘बाईंनी बरोबर प्रश्न विचारला. नदी दुसरी संधी देत नाही, एवढं कळलं तरी पुष्कळ.’

आता मी फुशारकी मारणार आहे, सहन कर. कालपासून मी पडले तेवढ्या वेळा उठले. सर काठावरून एखादा लाटांचा टप्पा दाखवतात आणि विचारतात, पाणी कुठे ओढेल? बाकीचे फेसाकडे बघतात. मी फेसाच्या शेजारचं गुळगुळीत पाणी बघते, कारण आपल्या खाडीच्या तोंडाशी तेच फसवतं. मी बोट दाखवते आणि बहुतेक वेळा बरोबर निघतं. सरांनी विचारलं, ‘कुणी शिकवलं?’ मी म्हटलं, आमच्या घरी सगळ्यांना येतं. आत्या, हे सांगताना मला इतकं बरं वाटलं. कॉलेजात तीन वर्षं मी ‘कोळीवाड्यात राहते’ असं म्हणायची वेळ आली की नुसतं ‘वेस्टला’ म्हणायचे.

आमचं तिघांचं टोळकं जमलंय. निकेत, अनुष्का आणि मी. अनुष्का डोंबिवलीची, बोलते कमी आणि वल्हं असं मारते की पाण्याला कळतसुद्धा नाही. सरांनी आम्हा तिघांना निवडलंय. बारा तारखेला बोरिवलीहून हरिद्वारची गाडी, तिथून वर डोंगरात, अलकनंदेवर. तीन आठवडे. थंड पाणी, मोठं पाणी. परत येऊन परीक्षा. खाली तिथला पत्ता लिहिलाय.

बाबांना सांग, पाय मोकळे आहेत.

पूर्वी


अलकनंदेच्या काठावरून, २० मे २०२५

प्रिय आत्या,

हे पाणी बर्फाचं आहे. हात घातला की आधी दुखतो आणि मग आपला राहत नाही. रंग आपल्या खाडीसारखा मातकट नाही, राखाडी हिरवा. आणि आवाज असा की शेजारच्या माणसाशीसुद्धा ओरडून बोलावं लागतं. तू इथे अगदी शोभशील.

जीपमध्ये अनुष्काला सात तास उलट्या झाल्या आणि निकेत तिच्यासाठी प्रत्येक वळणावर लिंबू कापत होता. तो तसा आहे. सगळ्यांचं करतो आणि स्वतः आळशी. त्याची एक खोड सांगते. प्रत्येक जोराच्या टप्प्याच्या आधी थोडं शांत पाणी असतं. आम्ही तिथे थांबून पुढचं बघतो, घाबरतो, देवाचं नाव घेतो. निकेत होडीतल्या होडीत मागे रेलतो, हात डोक्याखाली घेतो आणि डोळे मिटतो. खरंच डुलकी लागते त्याला. खाली सर वाट बघत असतात, ‘झोपला काय रे परत?’ म्हणून हसतात. मग हा उठतो आणि आमच्यापेक्षा सुरेख खाली उतरतो.

काल शेकोटीपाशी त्याने विचारलं, तुझे बाबा एवढे विरोधात, तरी तू का आलीस? मी म्हटलं, आमच्या घरात पाण्यावर जाणं बंद झालं, पण पाण्याबद्दल बोलणं कधी थांबलंच नाही. जेवताना, दाढी करताना, बाबा खाडीचंच बोलतात. गोदामाच्या गेटवर बसून त्यांना भरतीची वेळ पाठ असते. मग मी काय करणार? तो म्हणाला, पास झालीस की मी येतो भाईंदरला, त्यांना भेटतो, चटणीही खातो.

त्याच्या मनात चटणी पहिली असावी.

पूर्वी


भाईंदर, २८ मे २०२५

चि. पूर्वीस आशीर्वाद.

मी अडाणी नाही. सातवी पास आहे आणि तीस वर्षं मासळी विकलेय. माणूस टोपलीसमोर उभा राहिला की घेणार की नुसतं बघणार, मला आधी कळतं. तुझ्या तीन पत्रांत निकेत किती वेळा आला ते मी बोटांवर मोजलं, बोटं पुरली नाहीत. तर मुद्द्याचं विचारते. मुलगा करतो काय, घरी कोण कोण, आणि मासळी स्वतः साफ करता येते का?

आणून दाखव त्याला. पापलेट मी बाजूला काढून ठेवीन, बेव्हर्ली पार्कवाल्यांना त्या दिवशी बांगडा मिळेल. रामनाथचं मी बघून घेते. तो तुझी पत्रं आता डब्याखालून काढून परत ठेवतानाही लपवत नाही, फक्त मी आत आले की पंख्याकडे बघतो.

योगेंद्रशेठने त्याला विचारलं, लडकी कब से आ रही है? हा म्हणाला, एक तारखेला बोलतो. पूर्वी, आधी म्हणायचा, एक तारखेला येते. आता बोलतो म्हणाला. मला एवढा फरक कळतो.

निकेतला विचार, बोंबील ओला आवडतो की सुका.

आत्या


भाईंदर, ९ जून २०२५

चि. पूर्वीस,

तीन आठवडे झाले, तुझी एक ओळ नाही. फोन लावला तर बंद. मागच्या पत्रात मी जरा जास्त चेष्टा केली, त्याचा राग आला असेल तर सोडून दे. लाजली असशील असं मी बाजारात सगळ्यांना सांगितलं. दोघांचं काही ठरलं असेल आणि लिहायला जड जात असेल, तर जड वाटून घेऊ नकोस, मी तुझ्या बाजूची आहे. तुझी आई गेल्यापासून मीच तुझी वेणी घातलीय, माझ्यापासून काय लपवायचं?

रामनाथ रोज टपालपेटी बघतो. मला म्हणतो, बिल येनार हाय विजेचं.

हे पत्र कोलाडच्या पत्त्यावर टाकतेय, आता तुम्ही परतला असाल. निकेतलाही विचारलं म्हणून सांग.

आत्या


कोलाड, १३ जून २०२५

आत्या,

तुझी दोन्ही पत्रं एकदम हातात आली. एक तिकडून फिरून आलं. निकेतला काही विचारता येणार नाही. निकेत चोवीस मेला गेला. नदीत.

सगळं लिहिते, कारण इथे मी कुणाला सगळं सांगितलेलं नाही.

एक अरुंद टप्पा होता. डाव्या हाताला मोठा खडक, त्याच्या पोटाखालून पाणी जात होतं. अनुष्का आधी उतरली. दत्ताराम सर खाली वळणाच्या पलीकडे शांत पाण्यात थांबले होते. त्यांना वरचं दिसत नव्हतं. मी काठावरच्या दगडावर उभी होते, हातात फेकायची दोरी. वरचं बघायचं आणि त्यांना ओरडून सांगायचं, ते माझं काम होतं. सर माझ्याकडेच बघत होते.

निकेत आला आणि पहिल्याच लाटेत होडी गेली. त्याने उठायचा प्रयत्न केला, एकदा, दोनदा. मग पाण्याने त्याला खडकाखाली दाबलं. मी दोरी फेकली, पोचली नाही. मी ओरडले.

आत्या, महिनाभर मी ‘फ्लिप’ म्हणत होते. जेवताना, चेष्टेत, झोपेतसुद्धा. आणि त्या वेळी माझ्या तोंडून आलं, ‘सर, निजला. निकेत निजला.’

सर हसले. मी बघितलं त्यांना हसताना. त्यांनी हात वर केला आणि ओरडले, ‘निजू दे दोन मिनिटं.’ त्यांना वाटलं तो नेहमीसारखा वरच्या पाण्यात रेललाय. मी पुन्हा तेच ओरडले. तिसऱ्यांदा मला कळलं मी काय म्हणतेय, आणि मग योग्य शब्द आला. गळ्यात शिट्टी होती, ती आठवलीच नाही. सर वल्हं मारत प्रवाहाविरुद्ध वर आले, काठावरून धावले, दोर बांधून खडकाखाली शिरले. नऊ मिनिटांनी तो हाती लागला.

सर म्हणतात, पाण्याच्या आवाजात त्यांनी चुकीचं ऐकलं. त्यांनी चुकीचं ऐकलं नाही. पोलिसांना, निकेतच्या वडिलांना, सगळ्यांना ते हेच सांगतात, ‘माझ्या कानांनी घात केला.’ ते आता जेवत नाहीत धड. आणि मी गप्प आहे.

परीक्षेला मी बसणार नाही. तीस तारखेला घरी येते. काशीमीऱ्याला मी येतेय म्हणून सांगून ठेव. बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस. ते बरोबर होते, एवढंच सांग.

पूर्वी


भाईंदर, १७ जून २०२५

पूर्वी,

हे तुझ्या बापाचं पत्र आहे. प्रगतिपुस्तकावरच्या सहीशिवाय माझं अक्षर तू पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगतो.

तुझं पाकीट काल आलं तेव्हा इंदू बाजारात होती. मी फोडलं. तिला अजून दाखवलेलं नाही. आज गोदामावर गेलो नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा खाडा केला.

मी बरोबर होतो असं तू लिहिलंस. मी काय होतो ते आता ऐक.

परेश गेला त्या दिवशी आम्ही दोघं दोन होड्यांत होतो. मी पुढे, तो मागे. खाडीच्या तोंडाशी उधाणाची ओहोटी आणि समोरून वारा. मी मागे बघितलं तर त्याच्या होडीचा तळ वर. माझी होडी वल्ह्याची. ओहोटी मला बाहेर ओढत होती, मागे जाता येईना. तेवढ्यात गुजरातची एक मोठी इंजिनाची बोट जवळून आली, माझ्यापासून चार वल्ह्यांवर. ती पाच मिनिटांत त्याच्यापर्यंत पोचली असती. मी मागे हात करून ओरडलो, होरी निजली, भाऊ निजला. सुकाणूवरचा तांडेल हसला. ‘सोने दो भाई,’ म्हणाला. हात हलवला आणि गेला. मला हिंदी आठवेपर्यंत इंजिनाच्या आवाजात माझा आवाज बुडाला.

घरी येऊन मी सांगितलं, आजूबाजूला कोणी नव्हतं. इंदूला, आईला, सगळ्यांना. होडी विकली, पाणी सोडलं. लोकांना वाटलं भावाच्या दुःखाने. दुःख होतंच. पण मला त्या शब्दाची लाज होती. आणि तोच शब्द मी घरात तसाच ठेवला. तो बदलला असता तर का बदलला ते सांगावं लागलं असतं. तू लहान असताना कागदाची होडी पाण्यात आडवी झाली, तू तो दुसरा शब्द म्हणालीस, मी तुझ्या तोंडावर हात ठेवला. तुला आठवत नसेल. म्हणजे तुझ्या तोंडात तो शब्द मी घातला. नदीवर तो तुझ्याबरोबर गेला.

परेशची होडी उलटली.

लिहिला मी तो. इंदू बाहेर भांडी घासतेय, शेजारी टीव्ही चालू आहे, काही झालेलं नाही.

तेवढ्या वेळात निकेत वाचला असता का, मला माहीत नाही. तुलाही कधी कळणार नाही, आणि कोणी तुला नाही म्हणून सांगितलं तर ते मायेने सांगतोय असं समज. पण दत्ताराम सरांचे कान चांगले आहेत, हे तुला माहीत आहे. एक माणूस तुझी चूक स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसलाय. त्या तांडेलाने सव्वीस वर्षांत कधी विचारही केला नसेल, कारण त्याला कळलंच नाही. तुझ्या सरांना रोज कळतंय. जा आणि सांग. आज सांग. उशीर केला की काय होतं ते मी बघितलंय. जेवढा उशीर होतो तेवढं सांगणं जड होत जातं.

मी इंदूला आज सांगणार आहे. परेश तिचाही भाऊ होता.

परीक्षेचं तू ठरव. काशीमीऱ्याची खुर्ची कुठे जात नाही. पण माझ्यासाठी त्या खुर्चीवर येऊ नकोस. मी सव्वीस वर्षांत तोंडातून काढलं नाही ते तू तीन आठवड्यांत कागदावर लिहिलंस. मला तुझा अभिमान वाटतो. तोंडाने म्हणता आलं नसतं म्हणून लिहितोय.

रामनाथ


कोलाड, २५ जून २०२५

बाबा,

तुमचं पत्र गुरुवारी दुपारी मिळालं. संध्याकाळी मी सरांना सांगितलं. ते होड्या धूत होते. मी शब्द सांगितला, आपल्या घरात तो का आहे ते सांगितलं, तुमचंही सांगितलं. ते पाइप हातात धरून उभे राहिले, पाणी नुसतं वाहत होतं. मग म्हणाले, ‘महिनाभर मी कानाच्या डॉक्टरकडे जातोय.’ रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते खाली बसले आणि रडले, आणि मीही.

दुसऱ्या दिवशी ते मला पेणला घेऊन गेले, निकेतच्या घरी. मी तिथेही सांगितलं. त्याचे वडील उठून आत गेले, ते परत आले नाहीत. त्याच्या आईने मला सगळं पुन्हा सांगायला लावलं, एकेक शब्द. मग म्हणाल्या, ‘तो एसटीत उभ्याउभ्याने झोपायचा गं. कुणालाही तेच वाटलं असतं.’ निघताना त्यांनी मला जेवायला थांबवलं. त्या समोर बसून राहिल्या आणि मी ताट संपवलं.

शनिवारी सकाळी सरांनी आम्हा सगळ्यांना काठावर उभं केलं. प्रत्येकाला विचारलं, तुमच्या घरी होडीचं असं झालं की काय म्हणतात? पडली, पालथी झाली, पलटी, डुबी मारली. नऊ माणसांत सहा शब्द निघाले. सर म्हणाले, ‘घरी काहीही म्हणा. इथे एकच, फ्लिप.’ सगळ्यांनी तो पाच वेळा ओरडून दाखवला. आता रोज पाण्यात उतरण्याआधी नवीन माणसांनासुद्धा तो ओरडायला लावतात.

मी परीक्षेला बसले. होडीत बसताना अनुष्का माझ्यामागे उभी होती. तिने झग्याची कड नीट बसलीय का बघितली आणि दोनदा थोपटली. तिसऱ्या टप्प्यात राफ्ट खरोखर उलटली, परीक्षेचा भाग नव्हता तो. सहा माणसं पाण्यात. मी तो शब्द ओरडून सांगितला, खालच्या वळणावर सरांना तो पहिल्याच हाकेला कळला. दोघांना मी काढलं. त्यातले एक ठाण्याचे काका माझ्या होडीला असे चिकटले की मीच निजणार होते. काठावर आल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? माझी एक चप्पल दिसली का?

पास झाले, बाबा. आठ जणांत दुसरी. पहिली अनुष्का.

निकेत असता तर तो शेवटून पहिला आला असता आणि सगळ्यांत सुरेख उतरला असता.

आत्या मला पत्र का लिहीत नाही?

तुमची,
पूर्वी


भाईंदर, ३० जून २०२५

चि. पूर्वीस आत्याचे आशीर्वाद, आणि या वेळी चापट नाही.

लिहिलं नाही कारण मला लिहायला हात उचलेना. तुझ्या बापाने मला त्या संध्याकाळी सांगितलं. तुझं पत्रही दाखवलं. मी तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याचं ताट वाढलं आणि त्याच्यासमोर आपटलं. सव्वीस वर्षं मी त्या खाडीला शिव्या दिल्या, देवाला दिल्या, आणि एक बोट जवळून गेली होती हे या माणसाला ठाऊक होतं. राग अजून आहे. तो जायला वेळ लागेल, मी त्याला तसं सांगितलंय, आणि तो म्हणाला, घे तेवढा वेळ. चौथ्या दिवशी मी त्याच्यासाठी बोंबील तळले. एवढंच जमलं.

निकेतची मी चेष्टा करत राहिले आणि तो कधीच गेला होता, हे आठवलं की माझं मलाच कसंतरी होतं. त्याच्या आईचा पत्ता मला पाठव. मी जाणार आहे पेणला. चटणी घेऊन नाही जाणार, नुसती जाऊन बसणार.

आता परवाची गोष्ट. तुझं पत्र आलं आणि रामनाथने ते पहिल्यांदा उघड, माझ्यासमोर, मोठ्याने वाचलं. मग शर्ट बदलला आणि म्हणाला, चल. रिक्षाने काशीमीऱ्याला गेलो. योगेंद्रशेठ ऑफिसात होते. रामनाथने सांगितलं, लडकी नहीं आयेगी. शेठ म्हणाले, अरे, जगह रखी है उसके लिए, करती क्या है वो? मला वाटलं हा आता मान खाली घालणार. त्याने घातली नाही. म्हणाला, ‘आदमी निकालती है पानी से. आठ में दूसरी आयी.’ शेठना नीट कळलं नाही. त्यांना वाटलं विहिरीचं काम आहे. रामनाथने टेबलावरची पेनं-टाचण्या मांडून त्यांना अख्खी नदी समजावली, राफ्ट कुठे, तू कुठे, वळण कुठे. बाहेर दोन ट्रकवाले गेट उघडायला हॉर्न देत होते आणि पहारेकरी आत नदी काढत होता. शेवटी त्याने चार दिवसांची रजा मागितली.

तर आम्ही येतोय, बारा जुलैला, दोघंही. दत्ताराम सरांना सांग, राफ्टमध्ये दोन जागा ठेवा. मी मधे बसणार, धरायला काहीतरी असेल तिथे. तुझा बाप पुढे बसणार म्हणतो. मी त्याला म्हटलं, बसण्याआधी ते विचारतात म्हणे, पोहता येतं का? सव्वीस वर्षांनी पाण्यात जातोयस, नीट सांग त्यांना.

तर म्हणतो, ‘मी न्हाय म्हनून सांगनार. पडलो त पोरीला काढू दे.’

तुझी आत्या,
इंदुबाई